गाडीतला आवाज आणि मिस्त्रीची मजुरी

रविवारच्या संध्याकाळी खडकवासल्याहून पुण्याकडे परतण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला सिंहगड रस्त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. धरणाच्या चौपाटीवर भाजलेली कणसे, कांदाभजी, भेळ, पलीकडे पाणी, आणि रस्त्याला लागून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग. अलीकडे या रांगेतून चालताना माणसाला पाण्याचा आवाज ऐकू येत नाही. पहिल्या गाडीत एक गाणे, दुसऱ्या गाडीत दुसरे, तिसऱ्या गाडीची डिकी उघडी आणि तीत टेबलाएवढा वूफर. लहान मुले कानावर हात ठेवून कणीस खातात.

प्रस्तुत लेखकाला हा गोंगाट आवडत नाही, हे खरे. पण आजच्या लेखाचा विषय तो नाही. विषय असा आहे की, या गाड्यांत हे सेट बसविले कोणी? नाना पेठेतील मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांत, तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, कोंढव्याच्या गॅरेजमध्ये जाऊन पाहा. सीटकव्हर शिवणारा, ऑटो इलेक्ट्रिशियन, बॉडी बांधणारा, काच आणि रबर बसविणारा यांत आपल्या समाजातील हातांची संख्या मोठी आहे. तेव्हा चौपाटीवरच्या त्या रांगेत आपल्या हुनराची बाजूही उभी असते, बरी आणि वाईट दोन्ही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार कुटुंबांनी मिळून सतरा आसनांची एक ट्रॅव्हलर भाड्याने घेतली. सकाळी पानशेतकडे, दुपारचे जेवण काठावर आणि संध्याकाळी खडकवासल्यावर थोडा वेळ, असा बेत होता. गाडीमालक ओळखीचा, भला माणूस. त्याने आठच दिवसांपूर्वी नवी म्युझिक सिस्टीम बसवून घेतली होती आणि ती दाखविण्याची त्याला हौस होती. "चार हजार वॅट आहे, साहेब!" खोक्यावर तसेच छापलेले होते. जाताना मागच्या सीटखालून काहीतरी जळाल्यासारखा वास येतो अशी तक्रार बायकांनी केली. ड्रायव्हर म्हणाला, नवीन आहे, येतो वास. संध्याकाळी चौपाटीवर इंजिन बंद करून मुलांसाठी दोन तास गाणी लावली. निघायची वेळ झाली तेव्हा सेल्फ फिरेना. टक् असा एक आवाज, आणि दिवेही मंद. शेजारच्या एका सद्‌गृहस्थाने जंपर केबल दिली म्हणून रात्री नऊच्या सुमारास तरी निघालो. रस्त्याच्या कडेला अंधारात, थंडीत, लहान मुले आणि वृद्ध माणसे घेऊन उभे राहण्याची जी वेळ आली, तिचा राग मनात होताच. तो मालकावर नव्हता, सेटवरही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मालकाबरोबर मी एका बुजुर्ग मिस्त्रींकडे गेलो. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांची चाळीस वर्षे गेली आहेत. त्यांनी मॅट उचलली, मागची सीट सोडवली आणि न बोलता वायर ओढून आमच्या हातात दिली. घरातील पंख्याला वापरतात तशी दीड एमएमची वायर. बॅटरीवरून थेट आणलेली. मध्ये फ्यूज नाही. पत्र्याला भोक पाडून, रबरी ग्रोमेट न लावता ओढलेली. पत्र्याच्या धारेने वरचे प्लॅस्टिक अर्धे कापले गेले होते आणि दोन ठिकाणी ते वितळून काळे झाले होते. जोड पिळून वर टेप गुंडाळलेली. मालक म्हणाला, "चाचा, सेट तर महागातला घेतला होता." चाचा म्हणाले, "सेटला कोण नाव ठेवतोय? सेट चांगला आहे. बसवायचे किती दिलेस?" मालक ओशाळला. बसविणे फुकट होते. सेटबरोबर फिटिंग मोफत, अशी पाटीच त्या दुकानावर होती.

माझ्या मते या धंद्याचे सगळे दुखणे त्या पाटीत आहे.

फुकट फिटिंग कोणाला परवडते?

मॅटॅडोरच्या जमान्यात हे गणित बरोबर होते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत लग्नाचे वऱ्हाड, उरूस, सहल, सगळे मॅटॅडोरमधून जात असे, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक टेप व मागे दोन स्पीकर असले की गाडीचे भाडे वाढत असे. टेप दुकानातूनच घ्यावा लागे. त्यात दुकानदाराला चार पैसे सुटत, आणि त्या चार पैशांत मिस्त्रीची मजुरी बसे. गिऱ्हाईकही खूश, कारण त्याला वाटे, फिटिंग तर फुकट झाले. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची ट्रॅव्हलर १९८७ मध्ये आली (कंपनीचे नाव पुढे २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले), टेप जाऊन सीडी आली, सीडी जाऊन पेन ड्राइव्ह आला, मग टचस्क्रीन आला. पण फुकट फिटिंगची पाटी तशीच राहिली.

आता काय झाले आहे ते प्रत्येक दुकानदाराला माहीत आहे. गिऱ्हाईक सेट मोबाइलवर पाहतो, किंमत ताडून पाहतो, घरपोच मागवतो आणि खोके काखेत मारून दुकानात येतो: "फक्त बसवून द्या." म्हणजे नफ्याचा जो भाग मालात होता तो गेला, आणि राहिला तो हात. त्या हाताची किंमत तर आपणच तीस-चाळीस वर्षे "मोफत" अशी लिहून ठेवलेली. मग गिऱ्हाईक पाचशे रुपये द्यायला कुरकुरतो, मिस्त्री पाचशेत परवडेल अशी वायर लावतो, आणि ती वायर सतरा माणसांच्या सीटखाली वितळते. यात कोणाला एकट्याला बेइमान म्हणता येणार नाही. जो दर आपण ठरवला, त्या दरात असेच काम होते.

मोटारीत रेडिओ बसविण्याचा धंदा मुळात बसविण्याचाच होता. अमेरिकेत पॉल गॅल्विन याच्या कंपनीने १९३० मध्ये 'मोटोरोला' नावाने गाडीचा रेडिओ बाजारात आणला तेव्हा त्या पेटीपेक्षा ती गाडीत बसविणे जिकिरीचे होते. स्पार्क प्लगच्या ठिणग्यांची खरखर रेडिओत येई, ती दाबावी लागे. बॅटरी, एरियल, सगळे जुळवावे लागे. ज्याला हे जमे, त्याला दाम मिळे. पेट्या स्वस्त झाल्या तरी हे काम सोपे झालेले नाही. आजच्या गाडीत ते उलट अवघड झाले आहे.

खोक्यावरचे वॅट

आधी त्या चार हजार वॅटचा निकाल लावू. आपल्या व्यापाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून पाहावे. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. सेटच्या आतला ॲम्प्लिफायर एवढ्या व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला जास्तीत जास्त जी स्वच्छ लहर देऊ शकेल, तिचा हिशेब एका स्पीकरमागे २६ वॅट येतो, तोही काहीच वाया गेले नाही असे धरून. प्रत्यक्षात अठरा-वीस वॅट मिळाले तरी सेट चांगला. चार स्पीकरचे झाले ऐंशीच्या आतबाहेर. यापेक्षा जास्त हवे तर वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, जो आपल्या पोटात व्होल्ट वाढवून घेतो, आणि त्याला तेवढीच जाड वायर लागते.

गिऱ्हाइकाला हे सांगण्याची सोपी युक्ती आहे. सेट उलटा करा आणि मागचा फ्यूज दाखवा. त्यावर १५ अँपिअर लिहिलेले असेल तर १५ गुणिले १४.४, म्हणजे २१६ वॅट. सेट बॅटरीतून सलग याहून जास्त ओढू लागला तर फ्यूज उडेल. जो आत २१६ घेतो, तो बाहेर चार हजार कोठून देणार? खरोखर चार हजार वॅट घ्यायचे ठरविले तर १२ व्होल्टवर ३३३ अँपिअर लागतील, म्हणजे सेल्फ मारताना बॅटरीवर जो भार पडतो तशा जातीचा भार, गाणे संपेपर्यंत. खोक्यावर बारीक अक्षरांत पीएमपीओ असे लिहिलेले असते. पीक म्युझिक पॉवर आउटपुट. क्षणाच्या कोणत्या अंशात, कोणत्या पद्धतीने मोजले याला कसलाही एकच नियम नाही. ज्याला जो आकडा आवडला तो त्याने छापला. खरा आकडा आरएमएसचा.

आपल्याकडे मापात पाप करणाऱ्या किराणा दुकानदाराला सारा मोहल्ला नावे ठेवतो. मग वीस वॅटला हजार म्हणून विकणाऱ्याचे काय? दुकानदार म्हणतो, खोके मी छापलेले नाही. कबूल. परंतु गिऱ्हाइकाने "किती वॅट?" असे विचारल्यावर खोक्यावरचा आकडा वाचून दाखविणारे तोंड तर त्याचेच असते.

आणि मुळात एवढे वॅट हवेत कशाला? बऱ्यापैकी स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. एका वॅटवर! दहा वॅट दिले की ९८. प्रत्येक दहा डेसिबलसाठी दहापट शक्ती जाते, नुसते तीन वाढवायचे तरी दुप्पट. ट्रॅव्हलरच्या शेवटच्या सीटवर गाणे नीट पोहोचत नाही म्हणून पुढचे दोन स्पीकर मोठे करणे हा उलटा उपाय आहे; त्याने ड्रायव्हरचे कान जातात आणि मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही. छताच्या दोन्ही कडांना सहा-आठ छोटे स्पीकर, प्रत्येकाला वॅट-दोन वॅट, आणि ड्रायव्हरजवळच्या जोडीचा आवाज वेगळा कमी करण्याची सोय. शेजारच्या माणसाशी बोलताही येते आणि गाणेही कळते. जो मिस्त्री असे काम करून दाखवील त्याला त्या गाडीचा मालक विसरणार नाही.

वायर, फ्यूज, बॅटरी

चाचांनी आमच्यासमोर हिशेब मांडला तो असा. बॅटरीपासून मागच्या ॲम्प्लिफायरपर्यंत पाच मीटर, परतीची वायर पाच मीटर, एकूण दहा. दीड एमएमच्या तांब्याच्या वायरमधून वीस अँपिअर नेले तर वाटेतच सव्वादोन व्होल्ट खर्च होतात. बारापैकी सव्वादोन! ते जातात कोठे? उष्णतेत. सीटखालचा वास तोच. तीच वायर सहा एमएमची घेतली तर अर्ध्या व्होल्टच्या थोडे वर उतार येतो आणि वायर गरम होत नाही. दोन वायरींच्या किमतीतला फरक त्या दिवशीच्या आमच्या भज्यांच्या बिलाएवढाही नव्हता.

फ्यूजची जागा हा दुसरा मुद्दा, आणि यात शिकलेली मुलेही चुकतात. फ्यूज सेट वाचविण्यासाठी लावायचा असे समजून तो सेटजवळ लावतात. सेटमध्ये त्याचा स्वतःचा फ्यूज असतोच. बॅटरीजवळचा फ्यूज असतो वायर वाचविण्यासाठी. बॅटरीपासून वीतभर, फार तर हातभर अंतरात तो हवा. कारण पत्र्याला घासून वायर शॉर्ट झाली तर त्या जागेपासून मागे, बॅटरीपर्यंतची सगळी वायर पेटते, आणि पुढे लावलेल्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज उडतो म्हणून त्याच्या जागी तार गुंडाळणाऱ्याविषयी चाचा जे म्हणाले ते येथे छापता येणार नाही.

मोठ्या बसगाड्यांत २४ व्होल्ट असतात, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. सेट १२ चा. अशा वेळी दोनपैकी एका बॅटरीवरून सेट चालविण्याची जुनी खोड आपल्याकडे आहे. पहिले काही दिवस उत्तम चालते. पण ती एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते, अल्टरनेटर मात्र दोघींना एकच समजून भरतो; त्यामुळे एक कायम अर्धपोटी आणि दुसरी अजीर्णाने उकळणारी. सहा-आठ महिन्यांत दोन्ही जातात आणि मालक बॅटरीच्या कंपनीला शिव्या देतो. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावावा आणि त्याची किंमत बिलात वेगळी लिहावी.

उभ्या गाडीत गाणी ऐकायची असतील तर हिशेब साधा आहे. शंभर अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढू नये. रेडिओ आणि छोटे स्पीकर यांना चार-पाच अँपिअर लागतात, म्हणजे दहा तास निश्चिंत. मोठा ॲम्प्लिफायर वीस ओढू लागला की दोन-अडीच तासांत कारभार आटोपला. आमचे चौपाटीवर नेमके तेच झाले. जी गाडी सहलीसाठीच चालते, तिला दुसरी बॅटरी द्यावी आणि मध्ये असा रिले लावावा की इंजिन चालू असताना दोन्ही भरतील व बंद असताना गाणी फक्त दुसरीवर चालतील. सेल्फची बॅटरी शाबूत राहील. नव्या, बीएस-६ गाड्यांत (ते मानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाले) पुष्कळदा अल्टरनेटर व्होल्ट कमीजास्त करणारा असतो. तेथे साध्या रिलेने दुसरी बॅटरी पुरती भरत नाही, त्यासाठी डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. शिवाय अशा गाडीचे मूळ हार्नेस कापू नये. गाडीच्या मॉडेलचा कपलर मिळतो, तो घ्यावा. एक वायर कापली तरी कंपनी वॉरंटीतून हात काढून घेऊ शकते, आणि मालक मग आपल्या दारात येतो.

रेडिओ मागे पडला आहे

इतका वेळ मी गाण्यांविषयी लिहीत आहे. रेडिओ हा शब्द दुकानात उच्चारला की पोरे हसतात. सेटमध्ये तो असतो, पण बसविताना त्याची एरियल लावली की नाही हे कोणी पाहत नाही. एक चूक तर जवळजवळ नियमाने होते. पुष्कळ गाड्यांच्या छतावरच्या एरियलमध्ये छोटा बूस्टर असतो आणि त्याला सेटच्या निळ्या वायरमधून १२ व्होल्ट द्यावे लागतात. नवा सेट लावताना ती निळी वायर तशीच लोंबत सोडतात. मग पुण्यात खरखर, खडकवासल्यापुढे काहीच नाही, आणि मिस्त्री सांगतो, "डोंगर आहेत ना!"

डोंगर आहेत हे खरेच. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात; सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभारला आहे तो उंचीसाठीच. पानशेतच्या पुढे घाटाच्या कुशीत गेले की पुण्याचे १०१ मेगाहर्ट्झचे विविध भारती तुटक होते. पण शहरातच खरखर येत असेल तर त्याला डोंगर जबाबदार नाही. जबाबदार असतो सीटखालचा स्वस्त मोबाइल चार्जर, छतावरची रंगीबेरंगी एलईडीची पट्टी किंवा इन्व्हर्टर. एकेक बंद करून पाहावे, चोर सापडतो. फायबरच्या बॉडीवर एरियल लावताना खाली पत्र्याचा तुकडा द्यावा लागतो, कारण काठीला खाली धातूची जमीन हवी असते. साध्या काठीची लांबी १०१ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ७४ सेंटिमीटर. ही शोभेची वस्तू नव्हे.

पावसाळ्यात या खोऱ्यात फिरणाऱ्या गाडीत चालू रेडिओ असणे मला तरी गंमत वाटत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांचे पाणी एकाच मुठेत उतरते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकले नाही, हे पुण्याच्या पेठांतील जुनी घरे अजून विसरलेली नाहीत. मोबाइलचा पट्टा गेला की बातमीचे दुसरे साधन गाडीत असावे. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. तेव्हापासून या शहराने किती बातम्या रेडिओवरूनच ऐकल्या असतील!

बाहेर तोंड केलेले स्पीकर

आता चौपाटीवरच्या त्या उघड्या डिकीकडे वळू. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी. एका वॅटचा स्पीकर एक मीटरवर ८८ देतो हे वर आलेच आहे. म्हणजे बाहेर तोंड केलेला स्पीकर हळू लावून नियमात बसेल, ही आशा करू नये.

केरळमध्ये ५ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री वडक्कनचेरीजवळ शाळेची सहल नेणारी टुरिस्ट बस राज्य परिवहनाच्या बसवर मागून आदळली. नऊ जीव गेले, त्यांत पाच विद्यार्थी होते. अपघात वेगाने झाला. पण त्यानंतर उच्च न्यायालयाने आणि परिवहन खात्याने जी मोहीम उघडली, तिच्यात बसमधील नाचते दिवे आणि दांडगे आवाज हे सगळेच आले. मालकांना ती फिटिंगे उतरवावी लागली. ज्यांनी ती बसविली त्यांची मजुरी मिळून गेली होती, पण ते गिऱ्हाईक परत त्या कामासाठी आले नाही.

एका दुकानदार बांधवाशी मी हे बोललो तेव्हा तो चिडला. म्हणाला, "मी नाही म्हटले तर शेजारचा करतो. गिऱ्हाइकाला हाच आवाज हवा आहे. माझ्या पोरांची फी तुम्ही भरणार का?" या प्रश्नाला माझ्याजवळ चलाख उत्तर नाही. काही गिऱ्हाइके जातील, हे मान्य केले पाहिजे. पण मी त्याला एवढेच विचारले की, उघड्या डिकीवाला पोरगा वर्षातून किती वेळा येतो? एकदा. आणि ज्याच्या पाच ट्रॅव्हलर शाळांच्या आणि कंपन्यांच्या सहलींना लागतात तो? त्याला बिघाड परवडत नाही. एक ट्रिप चौपाटीवर अडकली की पुढचे काम हातचे जाते. तो आवाजाचे नव्हे, खात्रीचे पैसे देतो. दुकान कोणाच्या आधारावर उभे करायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

घर-गाड्यांचे काम

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. ज्यात झोपायची, स्वयंपाकाची, न्हाणीची सोय असते अशा गाड्या आणि त्या उभ्या करण्याचे तळ यांना उत्तेजन देण्याचे हे धोरण आहे. पुण्याच्या आसपास धरणे, किल्ले, घाट एवढे आहेत की या गाड्यांना जायला जागांची वाण नाही. या गाडीत जे जे लागते, म्हणजे प्लायवुड, गादी, पडदे, पाण्याची टाकी, दिवे, दुसरी बॅटरी, रेडिओ, ते सगळे आपल्या कारागिरांच्या हातातले आहे. सुतार, शिवणारा आणि वायरमन हे तिघे एका गल्लीत मिळतात, असे शहर पुष्कळ नाही.

मात्र येथे अर्धवट माहितीवर उडी घेऊ नये. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीपत्रात जो मूळ तपशील आहे त्यापासून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात ते ठामपणे सांगितले. रेडिओ आणि स्पीकर बसविल्याने तो तपशील बदलत नाही. सीटा काढून पलंग केला, छत कापून उंच केले, की बदलतो. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे, आणि गाड्या तपासणारी एआरएआय संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. मान्यता असलेल्या बॉडीवाल्याकडे आतल्या कामाचा ठेका घेणे हा शहाणपणाचा रस्ता. आपल्या गॅरेजमध्ये रात्रीतून जुन्या गाडीचे घर करून देणे हा नव्हे. शिशाची दुसरी बॅटरी झोपण्याच्या जागेत उघडी ठेवू नये हेही ध्यानात असावे. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तिला बंद पेटी आणि बाहेर काढलेली नळी हवी.

असे काम मागायला गेले की समोरचा कागद मागतो. कोणती वायर, किती एमएम, फ्यूज किती अँपिअरचा, कोठे. आपल्यातील कितीतरी उत्तम मिस्त्री येथे अडतात. हात तयार आहे, पण लिहिलेले काही नाही. घरात एखादा मुलगा आयटीआयला जात असेल तर त्याला गॅरेजमध्ये नुसता पाना द्यायला उभा करू नका. त्याला वही द्या. एक क्लॅम्प मीटर आणि थिंबल दाबायचा बरा पक्कड, एवढ्या भांडवलात सुरुवात होते.

चाचांनी आमच्या त्या ट्रॅव्हलरचे काम दीड दिवसात केले. सहा एमएमची वायर, बॅटरीपाशी फ्यूज, पत्र्याच्या प्रत्येक भोकाला ग्रोमेट, दुसरी बॅटरी, रिले, निळी वायर जागेवर. मोठा वूफर काढून मालकाच्या हातात दिला आणि छताला सहा छोटे स्पीकर लावले. बिल त्यांच्या नातवाने लिहिले. सामान एका बाजूला, मजुरी दुसऱ्या बाजूला: दोन हजार आठशे. मालकाने सवयीप्रमाणे मजुरीत काही कमी करा म्हणून घासाघीस सुरू केली. चाचांनी चष्मा काढला, बाकावर ठेवलेली ती अर्धी जळलेली दीड एमएमची वायर उचलली आणि म्हणाले, "ही फुकट आहे. हिलाच परत लावू का?"

मालकाने दोन हजार आठशे मोजून दिले. ती वायर मात्र त्याने मागून घेतली. आता ती गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात असते, आणि भाड्याने गाडी ठरवायला आलेल्या माणसाला तो ती काढून दाखवितो.